शाळेचे देणे

मनुष्याचे वय जसजसे वाढत जाते, तसतसे त्याच्या नावे येणाऱ्या पत्रांचे प्रकार कमी होत जातात. कार्तिकाच्या सुमारास निवृत्तिवेतन देणारी पेढी ‘आपण हयात आहात काय’ असे विचारते. लग्नसराईत कुंकुमपत्रिका येतात. आणि अलीकडे तिसरा एक प्रकार रूढ झाला आहे, तो म्हणजे आपण जेथे शिकलो त्या शाळेचे मागणीपत्र. मराठवाड्यातील पुष्कळ शाळांनी आता पन्नाशी, साठी, पाऊणशे वर्षे ओलांडली आहेत. त्यामुळे सुवर्णमहोत्सव आणि अमृतमहोत्सव यांची एकच गर्दी उडाली असून ‘माजी विद्यार्थी’ नावाची एक नवीनच जात निर्माण झाली आहे. या जातीत प्रवेश मिळण्यास कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही. केव्हातरी त्या शाळेच्या पटावर नाव असावे, आणि सांप्रत खिशात काही असावे, एवढे पुरे होते.

असे पत्र हाती पडले म्हणजे मनात जो कल्लोळ उठतो तो मोठा विलक्षण असतो. गणपतीची वर्गणी आपण कुरकुरत देतो, देवळाच्या जीर्णोद्धाराची आनंदाने देतो, पूरग्रस्तांची हळहळून देतो. या तीनही प्रसंगी भावना एकपदरी असते. शाळेच्या मागणीने मात्र संतोष, संशय, अभिमान आणि राग ही चारही भावंडे एकाच वेळी दारात येऊन उभी राहतात. आपली आठवण राहिली याचा संतोष. आठवण पैशाकरिताच झाली काय, हा संशय. आपण देऊ शकतो याचा अभिमान. आणि आजवर कोठे होता, हा राग. माझ्या परिचयातील कित्येक सुशिक्षित कुटुंबांत या एका पत्रावरून दोन दोन दिवस वाद चालल्याचे मी पाहिले आहे. पिता म्हणतो ‘द्यावे’, पुत्र म्हणतो ‘हिशेब मागावा’, आणि घरातील वडील स्त्री म्हणते, ‘आधी मोलकरणीच्या मुलीची वह्यापुस्तके घ्या.’ या वादाचा थोडा शांतपणे विचार करावा, एवढ्याचकरिता हा लेखनप्रपंच.

गुरूचे देणे या विषयावर आपल्याकडे जे विवेचन झाले आहे, त्यात कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात सांगितलेल्या कौत्साच्या कथेला तोड नाही. वरतंतु ऋषींचा हा शिष्य विद्या संपादून निघताना गुरुदक्षिणा विचारतो. गुरू म्हणतात, तू केलेली सेवा हीच दक्षिणा. शिष्य हट्टास पेटतो, आणि त्याच्या आग्रहाने चिडलेले गुरू चौदा विद्यांचे चौदा कोटी सांगून मोकळे होतात. कौत्स रघुराजाकडे येतो, तो राजाने विश्वजित् यज्ञात सर्वस्व देऊन टाकलेले. अर्घ्य द्यावयास मातीचे पात्र. पुढे कुबेराने सोन्याची वृष्टी केल्यावर दाता सर्व धन न्या म्हणतो, आणि याचक गुरूच्या देण्याहून एक कवडी अधिक घेण्यास तयार होत नाही. अयोध्येच्या लोकांना या दोघांपैकी कोणाचे कौतुक करावे हे समजेना.

ही कथा मी वर्गात पुष्कळ वेळा सांगितली. मुलांना सोन्याची वृष्टी आवडे. मला मात्र त्यातील एक बारकावा अधिकाधिक महत्त्वाचा वाटू लागला आहे, तो असा की वरतंतूंनी प्रथम काहीच मागितले नव्हते. मागणी शिष्याच्या अंतःकरणातून निघाली होती. आज प्रश्न उलटा आहे. ज्या गुरुजींनी आपल्याकडून रूपे घोकून घेतली, ज्यांनी गणिताच्या वहीवर लाल शाईने ‘पुन्हा करा’ लिहिले, ते बहुधा परलोकवासी झालेले असतात. ते काही मागत नाहीत, आणि हयात असते तर मागण्याची त्यांना लाज वाटली असती. दारात येते ती संस्था. संस्था म्हणजे गुरू नव्हे. तिला अध्यक्ष, सचिव व कोषाध्यक्ष असतात, आणि त्यांच्यापैकी एकानेही आपल्याला एक अक्षर शिकविलेले नसते. गुरूचे ऋण संस्थेकडे केव्हा आणि कोणत्या दस्तऐवजाने वर्ग झाले, हा पुत्रपक्षाचा प्रश्न म्हणूनच अगदीच अप्रयोजक नाही.

परंतु संस्था हीदेखील आकाशातून पडत नाही. कोणीतरी पदरमोड केली, कोणीतरी दारोदार हिंडले, म्हणून ती उभी राहिली. विद्येसाठी समाजाने पैसा काढून ठेवण्याची चाल आपल्याकडे किती जुनी आहे, याचा एक पुरावा खानदेशात चाळीसगावजवळील पाटण येथे शिलालेखाच्या रूपाने आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या सिद्धांतशिरोमणी आदी ग्रंथांच्या अध्ययनाकरिता तेथे मठ स्थापिला, आणि इ. स. १२०७ च्या सुमारास त्या मठास निकुंभवंशीय सोइदेव याने वृत्ती लावून दिली. लेखाचा शेवटचा भाग मराठीत असून त्यात बाजारातील देवघेवीवर व तेलाच्या घाण्यांवर मठासाठी बसविलेली देणी आहेत. घाण्यामागे पळीभर तेलही त्यात आले. म्हणजे राजाने गाव द्यावे आणि तेल्याने पळीभर तेल द्यावे, दोहोंची नोंद एकाच दगडावर. भास्कराचार्यांनी स्वतःचे गाव म्हणून सांगितलेले विज्जलविड म्हणजेच आमचे बीड, असे काही विद्वान मानतात; पाटणकरांस ते मान्य नाही. या वादात मी पडत नाही, तथापि आमच्या जिल्ह्याने हा मान सुखासुखी सोडू नये असे माझे मत आहे.

जवळचा काळ घेतला तर निजामी अमदानीत आमच्याकडे मराठी शाळा चालविणे म्हणजे केवढे धाडस होते, याची आजच्या तरुणांस कल्पना नसते. सरकारी माध्यमिक शिक्षण उर्दूतून चाले. १९१८ मध्ये निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच. खाजगी शाळा काढावयाची तर परवानगी लागे, आणि ती मिळाली तरी पुढे सरकारी संशयाचा ससेमिरा चुकत नसे. अशा परिस्थितीत १९०७ मध्ये हैदराबादेस विवेकवर्धिनी व गुलबर्ग्यास नूतन विद्यालय, १९१५ मध्ये औरंगाबादेस सरस्वती भुवन, १९२१ मध्ये हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा अशी एकेक पणती लागत गेली. आमच्या जिल्ह्यात अंबाजोगाईचे, म्हणजे त्या वेळच्या मोमिनाबादचे, योगेश्वरी नूतन विद्यालय त्याच परंपरेतले. हिप्परग्याच्या शाळेत काम केलेले स्वामी रामानंद तीर्थ १९३५ मध्ये येथे मुख्याध्यापक म्हणून आले आणि १९३८ मध्ये ते पद सोडून स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात गेले. संन्यासी मुख्याध्यापक, आणि त्याची शाळा आदिशक्तीच्या नावाची! कोकणस्थांची कुलस्वामिनी म्हणून दूरदूरच्या प्रांतांतून जी कुटुंबे आजही योगेश्वरीची ओटी भरावयास येतात, त्यांनी देवळातून निघाल्यावर या शाळेवरूनही एक चक्कर टाकावी, असे मला नेहमी वाटते.

या शाळांना त्या काळी देणगी कोणत्या स्वरूपात मिळे? रोख रक्कम फारच थोडी. कोणी वाड्याचा सोपा वर्गासाठी मोकळा करून देई, कोणी सुगीवर ज्वारीचे पोते पाठवी, कोणी शिक्षकाची राहण्याची सोय करी. आणि सर्वांत मोठी देणगी, जिची पावती कोणी कधीच फाडली नाही, ती म्हणजे वार. परगावचा गरीब विद्यार्थी सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असा सात घरी जेवे. आपल्या एकत्र कुटुंबांतील आज्या-पणज्यांनी स्वतःच्या पंक्तीला ताक कमी घेऊन त्या मुलाच्या ताटात भाकरी वाढली. त्याचा अपमान होऊ नये म्हणून घरातील मुलांच्या पंक्तीतच त्याला बसविणाऱ्या गृहिणी होत्या, तशा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसविणाऱ्याही होत्या. आणि वार मिळण्यास मुलाची जात बघितली जाई, हेही लपविण्यात अर्थ नाही. ज्या मुलांना आमच्या घरांचा उंबरठा बंद होता, त्यांच्यासाठी सातारा जिल्ह्यात भाऊराव पाटलांनी वसतिगृहे उघडली आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यापायी मंगळसूत्रही मोडले. ब्राह्मण कुटुंबांनी विद्यादानाच्या आपल्या परंपरेचा अभिमान अवश्य बाळगावा, पण ही दुसरी बाजूही घरातील मुलांना सांगावी.

असो. माझ्या पिढीची गोष्ट मात्र निराळी आहे. आम्ही शाळेत गेलो ते मराठवाडा मुक्त होऊन, भाषिक राज्य होऊन, शाळांना सरकारी अनुदान सुरू झाल्यानंतर. शिक्षकांचे पगार सरकार देई; १९५९ पासून सुरू झालेल्या ई. बी. सी. सवलतीमुळे आमच्यासारख्यांची फीही सरकारच भरी. म्हणजे आमच्या शिक्षणाचा खर्च वस्तुतः कोणी केला? १९७२ च्या दुष्काळात आमच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर खडी फोडणाऱ्या आणि सुकडीच्या वाटपासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांनी, काडीपेटी आणि कापड घेताना भरलेल्या करातून केला, असेच हिशेबाने म्हणावे लागते. त्या रस्त्यावरून आम्ही दप्तर घेऊन शाळेत जात असू. तेव्हा शाळेचे देणे फेडावयाचे म्हटले तर ते केवळ शाळेच्या इमारतीस फेडून भागेल काय, ही शंका माझ्या मनात पुष्कळ वर्षे आहे.

येथे पितृपक्षाची बाजूही ऐकली पाहिजे. मी उभा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळांतून मास्तरकी केली असल्यामुळे शाळेचा संसार आतून पाहिला आहे. सरकार पगार देते हे खरे. पण पगार म्हणजे शाळा नव्हे. खडू, झाडू, विजेचे बिल, गळके पत्रे, मुलींच्या स्वच्छतागृहाचे पाणी, यांना वेगळा पैसा लागतो. खाजगी शाळांना यासाठी जे वेतनेतर अनुदान मिळे ते मध्यंतरी काही वर्षे बंदच होते, आणि पुन्हा सुरू झाले तेही तुटपुंजे. आम्हांलाही शाळेच्या भिंतीसाठी गावात वर्गणी मागत फिरावे लागे. एका गावी मी सरपंचांबरोबर फिरत असता एका बड्या बागाईतदाराने आम्हांला ओसरीवर तासभर बसवून चहा पाजला आणि रिकाम्या हाती परत पाठविले. त्याच गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका विधवा मावशींनी मात्र ‘गुरुजी, रोकड नाही, हे घ्या’ म्हणून पायलीभर ज्वारी पदरातून ओतली. तिचा नातू दुसरीत होता. ज्याने हात पसरला आहे, त्यालाच मागण्यातील काटा कळतो. म्हणून मागणीपत्र पाहताच ‘आले लुबाडायला’ असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस मी बसत नाही.

मग राग कशाचा? राग ‘देणगी’ या शब्दाचे जे झाले त्याचा आहे. दान, दक्षिणा, वर्गणी, ऋणफेड हे चार शब्द आपल्या भाषेत चार निरनिराळ्या अर्थांचे आहेत. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना, ज्याच्याकडून परत उपकाराची अपेक्षा नाही अशास, योग्य स्थळी, योग्य वेळी, पात्र पाहून दिलेले ते सात्त्विक, आणि फेडीच्या अपेक्षेने किंवा मन मारून दिलेले ते राजस, असे म्हटले आहे. या व्याख्येने पाहता आपल्या शाळेला दिलेले हे मुळी दानच नव्हे, कारण शाळेने आपल्यावर आधीच उपकार केलेला आहे. ती ऋणफेड होय. आणि बालकाच्या प्रवेशासाठी किंवा शिक्षकाच्या नेमणुकीसाठी जी रक्कम ‘देणगी’ म्हणून घेतली जाते, ती तर यांपैकी काहीच नव्हे. तिला आमच्या खेड्यांतील निरक्षर मनुष्यही योग्य त्या नावाने ओळखतो.

माझ्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव पदवी व अध्यापनाची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होऊन नोकरीच्या शोधात होते. ज्या शाळेच्या बाकांवर त्यांचा पिता व चुलता बसले, त्याच शाळेत जागा निघाली. मुलाखत उत्तम झाली. नंतर एका सद्गृहस्थांनी बंधूंना बाजूस घेऊन ‘इमारतनिधी’स किती लक्ष देता येतील, असे अत्यंत मृदु शब्दांत विचारले. बंधू म्हणाले, ‘साहेब, चार एकर कोरडवाहू जमीन आहे, ती विकली तरी पुरणार नाही.’ ‘मग आमचाही नाइलाज आहे,’ असे उत्तर मिळाले. चिरंजीव सध्या दुसऱ्या जिल्ह्यात एका खाजगी शिकवणीवर्गात राबतात. पुढे २०१७ पासून शिक्षकभरतीसाठी सरकारने संगणकावरील जी व्यवस्था आणली, तिचे नाव ‘पवित्र’ असे ठेवले आहे. नावावरूनच पूर्वीच्या व्यवस्थेविषयी सरकारचे मत काय होते ते ध्यानात येते. प्रवेशासाठी देणगी घेण्यास तर २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याने स्पष्ट बंदीच आहे.

आता त्याच शाळेचे अमृतमहोत्सवी मागणीपत्र माझ्या हाती आले, तेव्हा मनाची काय अवस्था झाली असेल याची वाचकांनीच कल्पना करावी. पत्र गुळगुळीत कागदावर छापलेले. आरंभी सरस्वतीचे चित्र. नंतर ‘आपण शाळेचे भूषण आहात’. ज्यास दहावीच्या वर्षी फळ्यावर प्रमेय मांडता न आल्यामुळे तासभर उभे केले होते, त्यास पन्नास वर्षांनी हे कळावे, हेही नसे थोडके. त्याखाली दरपत्रक. अकरा हजार देणाऱ्याचे नाव सामुदायिक फलकावर, एकावन्न हजार देणाऱ्याचे स्वतंत्र संगमरवरी पाटीवर, त्याहून मोठ्या रकमेस खोलीला नाव. निधी कशासाठी? प्रवेशद्वाराची भव्य कमान आणि सभागृह.

देणगीदाराचे नाव लावणे हे काही पाप नव्हे, हे मी प्रथमच सांगून टाकतो. अण्णासाहेब कर्व्यांच्या महिला विद्यापीठास सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये पंधरा लक्ष रुपये देऊ केले आणि विद्यापीठास आपल्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव लावण्याची अट घातली. कर्व्यांनी ती मान्य केली, आणि त्या नावाखाली लक्षावधी मुली शिकल्या. एवढी देणगी मिळाल्यावरही अण्णासाहेब स्वस्थ बसले नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर ते आपल्या कार्याची माहिती देत आणि निधी जमवीत परदेशांतून हिंडले. अंबाजोगाईस यादवांचा सेनापती खोलेश्वर याच्या कन्येचा, लक्ष्मीचा, १२४० सालचा शिलालेख आहे. युद्धात पडलेल्या आपल्या रामनामक भावाच्या स्मरणार्थ तिने देऊळ बांधले. सातशे वर्षांनंतरही तो लेख वाचताना त्या भगिनीचे दुःख आपल्यापर्यंत पोचते. नाव असे असावे. तैत्तिरीय उपनिषदात गुरुगृहाहून निघणाऱ्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, त्यात श्रद्धेने द्यावे, ऐपतीप्रमाणे द्यावे, आणि लाजत द्यावे असे सांगितले आहे. दरपत्रकाप्रमाणे पाटीची लांबीरुंदी ठरवून दिलेल्या पैशात ही लाज राहणार कोठे?

घरात विषय निघाला तेव्हा चिरंजीवांनी पुण्याहून दूरध्वनीवर सांगितले, ‘नाना, एक पैसा देऊ नका. दादाला काय म्हणाले ते विसरलात काय?’ बंधू मात्र म्हणाले, ‘शाळेचे आणि त्या माणसाचे काय नाते? तो मनुष्य गेला, शाळा आहे.’ ज्याच्या मुलाचे नुकसान झाले त्यानेच हे म्हणावे, याचे मला नवल वाटले, आणि खरे सांगावयाचे तर थोडा रागही आला. पण या सर्वांहून सौभाग्यवतींचा प्रश्न मला अधिक अडचणीचा वाटला. त्या म्हणाल्या, ‘तुमची शाळा निदान मागते तरी. माझी चौथीपर्यंतची शाळा जिल्हा परिषदेची. तिचा महोत्सव नाही, पत्र नाही, माजी विद्यार्थिनी तर कोणी मोजल्याच नाहीत. मी अक्षर शिकले ते तिथेच. मी कोणाला द्यायचे?’ त्यांचे म्हणणे बिनतोड होते. मागण्याचे सामर्थ्यही ज्याला छापखाना आणि महोत्सवसमिती परवडते त्यालाच असते. वाडीवस्तीवरच्या दोन खोल्यांच्या शाळेने कोणाचे कर्ज कधी वसूल केले आहे?

सौभाग्यवतींच्या या प्रश्नामुळे माझ्या विचारास निराळी दिशा मिळाली. आमचा जिल्हा ऊसतोडणी कामगारांचा आहे, हे साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर, आणि त्यावर भांडीकुंडी, शेळी व लहान पोरे. पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या पट्ट्यात ही कुटुंबे पाच-सहा महिने पाचटाच्या कोप्यांत काढतात. माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर कार्तिकानंतर गैरहजेरीच्या खुणांची ओळच्या ओळ लागे. चैत्रात मुले परत येत ती आकार-उकार विसरून. त्यातही मोठी बहीण असेल तर ती परत आली तरी शाळेत येत नसे. धाकट्याला सांभाळता सांभाळता तिचे शिक्षण तेथेच संपे. सरकारने अशा मुलांसाठी गावोगावी हंगामी वसतिगृहांची योजना केली आहे, जेणेकरून आईबाप गेले तरी मुले आजीपाशी किंवा शाळेत राहून दोन वेळ जेवतील. काही ठिकाणी ती चांगली चालते, काही ठिकाणी अनुदान हंगाम सरत आल्यावर पोचते. भुकेला हंगाम कळत नाही. आपल्या आजीने वार लावून जेवू घातलेला मुलगा आणि हा कोयत्यामागे जाणारा मुलगा यांच्यात अंतर काय? पूर्वीच्यास सात घरे होती. ह्याला एक शाळा आहे, ती दुपारचे पोषण आहाराचे ताट देते, आणि संध्याकाळी कुलूप लावते.

आमच्या त्या जुन्या शाळेच्या पटावरही अशी मुले पुष्कळ आहेत, हे मी तेथील एका शिक्षकांकडून समजून घेतले. तेव्हा संस्थेच्या सचिवांना मी एक पत्र लिहिले. त्यात इमारतनिधीचा जुना प्रसंग आडपडदा न ठेवता लिहिला. त्याशिवाय पुढचे लिहिणे प्रामाणिकपणाचे झाले नसते. नंतर कळविले की, कमानीसाठी मजकडे काही नाही. परंतु ऊसतोडीस जाणाऱ्या मुलांच्या संध्याकाळच्या जेवणासाठी निवृत्तिवेतनाचे तीन महिन्यांचे पैसे देण्याची इच्छा आहे. पाटी नको. सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे गेल्या तीन वर्षांत जे तपासलेले हिशेब दिले त्यांची प्रत मात्र पाहावयास मिळावी.

ज्या वाचकांच्या घरी अशी पत्रे येतात त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून दोन व्यावहारिक गोष्टी येथेच नमूद करतो. रोख रक्कम देऊ नये. दोन हजारांवरील रोख देणगीस प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, आणि धनादेशाचा मागोवा राहतो. दुसरे, रक्कम कायम निधीत ठेवून केवळ व्याज खर्चावे अशी इच्छा असल्यास तसे दात्याने स्वतः लेखी कळवावे लागते. तोंडी सांगितलेले पुढच्या कार्यकारी मंडळास बांधील राहत नाही. मी व्याजाच्या वाटेस गेलो नाही. माझ्या रकमेचे व्याज एका मुलाच्या एका महिन्याच्या भाकरीलाही पुरले नसते.

सौभाग्यवतींनी आपल्या बांगडीचे काय करावयाचे ते माझ्याशी न बोलताच ठरविले होते. माहेरच्या गावी त्या स्वतः गेल्या, त्यांची शाळा अद्याप चालू असल्याचे पाहिले, आणि मुख्याध्यापिकाबाईंना काय हवे ते विचारले. बाईंनी पाण्याची टाकी सांगितली. चिरंजीवांनी यावर काही भाष्य केले नाही. मात्र टाकीचे पैसे पुण्याहून परस्पर दुकानदारास गेले असे नंतर कळले, आणि बांगडी हातातच राहिली.

सचिवांचे उत्तर आले आहे. जुन्या प्रसंगाविषयी त्यात एक शब्द नाही. हिशेबांच्या प्रती सोबत आहेत, त्या मी दोन दिवस चष्मा पुसून पुसून वाचल्या. बेरजा बरोबर आहेत. जेवणखर्चाचे स्वतंत्र खाते संस्थेच्या वह्यांत आजवर नव्हते, ते उघडण्याचा विषय पुढील सभेपुढे ठेवण्यात येईल, असे त्यांनी लिहिले आहे. सभा गणेशोत्सवानंतर आहे, आणि टोळ्या दसऱ्यानंतर निघतात.